68 टाके आणि एक "निकाल लो"

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले होते तेव्हाची गोष्ट. बाळंतविडा अर्धाअधिक झाला होता, टोपडं झालं, मोजे झाले, स्वेटरची पाठ सुयांवर होती. म्हटलं 16 तास नुसतं बसून काय करायचं, तेवढ्यात पाठ होऊन जाईल, म्हणून पिशवी सरळ हातातल्या बॅगेत टाकली.

सिक्युरिटीला बॅग बाजूला. दहा नंबरच्या स्टीलच्या सुया बघून तो मुलगा म्हणाला, आंटी ये नहीं जाएगा, निकाल लो. अरे बाबा निकाल लो काय, त्यावर 68 टाके आहेत, सुई काढली की सगळे घरंगळणार! मागे रांग तुंबलेली, लोकांचे सुस्कारे ऐकू येतायत.

मग काय, पर्समधलं डेंटल फ्लॉस काढलं, बटणं लावायच्या किटमधली शिवणाची सुई काढली आणि तिथेच टेबलाला टेकून एकेक टाका फ्लॉसवर ओवून घेतला. आता गंमत बघा, खरी टोकदार सुई होती ती हीच, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही आणि माझ्या बोथट टोकाच्या सुया मात्र गेल्या डब्यात!

चेकिंग नकोच असं माझं म्हणणं नाही हं. 2001 नंतर जग कसं बदललं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण काय ते एकदा ठरवा ना. निघायच्या आधी एअरलाइनला फोन केला तर म्हणे मॅडम ते सिक्युरिटीवाले ठरवतात, आणि सिक्युरिटीला विचारलं तर म्हणे एअरलाइनला विचारा. अमेरिकेत विमानतळावरचं चेकिंग बघणाऱ्या टीएसए या सरकारी खात्याच्या साइटवर निदान लिहिलेलं तरी आहे, विणायच्या सुया आणि क्रोशाची सुई केबिनमध्ये चालते, कात्रीचं पातं 4 इंचांपेक्षा कमी हवं (युरोपात 6 सेंटीमीटरपर्यंत), आणि ते गळ्यात घालायचं गोल धागाकटर मात्र चेक-इनमध्येच, कारण आत ब्लेड असतं. अर्थात शेवटचा शब्द समोरच्या ऑफिसरचा हेही तिथेच लिहिलंय, म्हणजे थोडक्यात नशीब.

येताना बांबूच्या, मधे केबल असलेल्या गोल सुया घेऊन आले, कुणी विचारलंसुद्धा नाही. आता तर मी प्रवासात क्रोशाच नेते, एकच टाका उघडा असतो, सुई गेलीच तर त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि गप्प बसायचं. आणि सुयांवरचं काही न्यायचंच असेल तर फ्लॉस घरूनच ओवून निघा बायांनो, रांगेत उभं राहून हात थरथरतात.

स्वेटर नातवाला झाला छान. पाठीवर मधोमध एक ओळ जरा सैल आहे, फ्लॉस होता तिथे. लेक म्हणते आई काही दिसत नाही गं. मला दिसते.