लाज एकीकडे, नुकसान दुसरीकडे

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की बास्केटबॉलमध्ये दुबळ्या संघाकडून हरण्यापेक्षा तगड्या संघाकडून हरणं जास्त वाईट. त्यावर ‘जुना पॉइंट गार्ड, रामबाग’ या नावाने एक लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. तिचं सार असं: दुबळ्यांकडून हार म्हणजे निव्वळ बेशिस्त आणि तिची लाज वाटलीच पाहिजे, रेटिंगच्या पद्धतीसुद्धा अशा हारीला जास्त गुण कापतात, मग लेखक कोण लागून गेला, एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या वॉरियर्सचं उदाहरण लेखकावरच उलटतं, कारण लेकर्सकडून हरलेला तो संघ शेवटी विजेतेपदही घालवून बसला, आणि स्कोअररच्या टेबलावर पेन घेऊन बसणाऱ्याने खेळाडूंना पराभव शिकवू नये. शेवटी एक प्रश्न: “मग तुम्हाला निवडच करायची झाली तर कोणता पराभव घ्याल?”

काका (आमच्या काळी, आमच्या काळी असं इतक्या वेळा लिहिलंत, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी), टेबलाचा मुद्दा आधी घेतो, कारण माझं मत तिथेच बनलं आहे. इंदूरच्या रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर स्कोअरशीट भरताना माझ्या मांडीवर एक वेगळी वही असते. अधिकृत शीटवर बास्केट, फाउल आणि टाइमआउट एवढंच येतं. चेंडू कुठे गेला, कुणाच्या हातून गेला, आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडता आलं की नाही, हे त्यावर येत नाही. ते मी वहीत टिपतो. खेळणाऱ्याला हे आठवत नाही, आणि ते साहजिकच आहे, तो दमलेला असतो.

त्या वहीतलं एक प्रकरण सांगतो, संघांची नावं न घेता. इथल्याच शाळकरी मुलांचा एक संघ स्पर्धेच्या सुरुवातीला एका अगदी किरकोळ संघाकडून दोन-तीन गुणांनी हरला. आभाळ कोसळलं. कोचने मुलांना तिथेच कोर्टाच्या चकरा मारायला लावल्या, पालक कुंपणाशी उभे राहून “इतकी फी भरतो ती कशासाठी” इथपर्यंत गेले. पुढे हाच संघ एका बलाढ्य संघाकडून हरला, समोरच्यांचे गुण जवळजवळ दुप्पट. तेव्हा काय झालं? समोरच्या उंच सेंटरबरोबर फोटो निघाले. “भिया, क्या टीम है!” झालं. आणि सगळी वरात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खायला गेली. वही काय सांगत होती? किरकोळ संघाविरुद्ध आपल्या मुलांना मोकळे शॉट भरपूर मिळाले होते, ते फक्त पडले नाहीत. बलाढ्य संघाने मात्र पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस, म्हणजे मैदानभर अंगावर येणारा बचाव, लावला होता, आणि चेंडू पुढे आणणाऱ्या आपल्या गार्डना तो फोडताच येत नव्हता. उजव्या कडेला ढकललं की पास हवेत, की चेंडू त्यांच्या हातात, की लेअप. पुढच्या वर्षी तोच संघ, तोच प्रेस, तीच उजवी कड. मधल्या काळात कुणी प्रेस फोडण्याचा सराव घेतला नव्हता, कारण त्या पराभवाबद्दल कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. माझं म्हणणं सगळं या एका गोष्टीत आहे: तगड्याकडून हरलं की कारण आधीच तयार असतं, त्यामुळे चौकशी होत नाही.

तुम्ही म्हणाल, गल्लीतली उदाहरणं नकोत. मग अमेरिकेचं घ्या. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोर्टो रिकोने त्यांना 92-73 असं हरवलं. एनबीएचे खेळाडू ऑलिंपिकला जायला लागल्यापासूनची ही अमेरिकेची तिथली पहिली हार, आणि तीही एका छोट्या बेटाकडून, ज्याला काही दिवसांपूर्वीच सराव सामन्यात त्यांनी आरामात हरवलं होतं. जगभर छी-थू झाली. पण अमेरिकेने त्या दिवशी तीन गुणांचे 24 शॉट मारले आणि त्यातले 3 पडले. तुम्ही गार्ड होतात, तुम्हाला सांगायला नको की असा दिवस येतो आणि जातो.

सुवर्णपदक त्यांनी घालवलं ते उपांत्य फेरीत, अर्जेंटिनाकडून 89-81. हाच अर्जेंटिना दोन वर्षं आधी, 2002 च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेच्याच इंडियानापोलिसमध्ये त्यांना 87-80 असं हरवून गेला होता. मुख्य खेळाडूही बरेचसे तेच: जिनोबिली, स्कोला, नोचिओनी. खेळही तोच, म्हणजे चेंडूला न थांबवता फिरवणं आणि चेंडू नसलेल्याने बचावाच्या पाठीमागून आत घुसणं. 2002 मध्ये अमेरिकेने आणखी दोन सामने घालवले, युगोस्लाव्हिया आणि स्पेनविरुद्ध, आणि घरच्या मैदानावर सहावा क्रमांक घेतला. तेव्हा सर्वांत सोपं स्पष्टीकरण होतं, मोठे तारे आले नव्हते. अथेन्समध्ये डंकन आणि आयव्हरसन होते, तरी त्या आत घुसण्याला उत्तर नव्हतं, आणि जिनोबिलीने एकट्याने 29 गुण काढले.

काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते 2005 मध्ये, जेरी कोलँजेलोकडे राष्ट्रीय संघाची सूत्रं आल्यावर. खेळाडूंकडून एका स्पर्धेपुरता नव्हे, तर तीन वर्षांचा शब्द घेतला गेला. माइक शशेव्हस्की कोच झाले. 2006 मध्ये जपानच्या साइतामात ग्रीसने त्यांना 101-95 असं हरवलं, तेही वरच्या बाजूला पुन्हा पुन्हा एकच पिक-अँड-रोल (एकाने बचावपटूची वाट अडवायची आणि मग स्वतः बास्केटकडे वळायचं) खेळून. ही तगड्याकडून झालेली हारच होती, आणि या वेळी ती “ग्रीसचा दिवस होता” म्हणून सोडली गेली नाही. 2008 ला बीजिंगमध्ये ग्रीसची गाठ पडली तेव्हा निकाल 92-69 लागला, आणि पुढे स्पेनला 118-107 हरवून सुवर्ण आलं. पोर्टो रिकोच्या सामन्यावर दहा वर्षं लेख येत राहिले, पण अमेरिकेचा खेळ बदलला तो अर्जेंटिना आणि ग्रीसमुळे, असं मला वाटतं.

आता तुमचं वॉरियर्स. 2015-16 च्या मोसमात 73 जिंकले, 9 हरले, आणि त्यातली एक हार मार्चमध्ये लेकर्सकडून, 112-95. त्या लेकर्सचा मोसम 17-65 असा, म्हणजे 17 विजय आणि 65 पराभव, संपला. वॉरियर्सचे त्या रात्री 30 पैकी 4 थ्री-पॉइंटर पडले. पुढे अंतिम मालिकेत 3-1 ने पुढे असताना ते क्लीव्हलँडकडून 4-3 हरले, आणि तुम्ही म्हणता की लेकर्सने धोक्याची घंटा वाजवली होती. ठीक. मग 1996 च्या मार्चमधलं टोरोंटो बघा. रॅप्टर्सचा तो पहिलाच मोसम, वर्षअखेर 21-61. त्यांनी जॉर्डनच्या बुल्सना 109-108 हरवलं. बुल्स त्या वर्षी 72-10 करून विजेतेही झाले. घंटा एकच, एक संघ बुडाला आणि एक तरला. तेव्हा ती घंटा नव्हतीच.

कारण साधं आहे, गणित फार लागत नाही. समोरच्या संघाला दहापैकी नऊ वेळा हरवण्याइतके तुम्ही सरस असाल, तर अशा दहा संघांशी ओळीने खेळून दहाही सामने जिंकण्याची शक्यता जेमतेम 35 टक्के. म्हणजे मधे कुठेतरी ठेच लागणं हेच नेहमीचं. 

तुमचा रेटिंगचा मुद्दा मला आवडला, कारण बहुतेक लोक एवढं वाचत नाहीत. एलो पद्धतीत तुमच्यापेक्षा 200 गुणांनी खाली असलेल्या संघाविरुद्ध तुमची अपेक्षा साधारण 0.76 असते, म्हणजे शंभरात 76 वेळा जिंकण्याची. बदलाचा गुणक, म्हणजे एका सामन्यात जास्तीत जास्त किती गुण हलू शकतात तो आकडा, 20 धरला तर हरल्यावर 15 च्या आसपास गुण जातात, आणि 200 ने वरच्या संघाकडून हरलात तर 5 च्या आसपास. इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण त्याच दुबळ्या संघाला हरवल्यावर हातात पडतात तेही 5 च्याच आसपास. चारपैकी तीन जिंका आणि एक हरा, तुमचं रेटिंग जिथल्या तिथे, फार तर एखादा गुण कमी. पद्धत तुम्हाला शिक्षा करत नाहीये. चौथ्या सामन्यातली हार तिने आधीच धरून ठेवली आहे.

व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, पण देणार होतात अशी शंका आहे, म्हणून मीच काढतो. 2018 च्या एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकित यूएमबीसी विद्यापीठाने 74-54 असं हरवलं. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत असे 135 सामने झाले होते आणि सगळेच पहिल्या मानांकिताने जिंकले होते. मध्यंतराला 21-21. तीनच्या शॉटमध्ये यूएमबीसीचे 24 पैकी 12, व्हर्जिनियाचे 22 पैकी 4, शिवाय त्यांचा डीआँड्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर. यात एक गोष्ट खरोखर शिकण्यासारखी होती. व्हर्जिनिया देशातल्या सर्वांत संथ खेळणाऱ्या संघांपैकी एक. प्रत्येक हल्ला पूर्ण वेळ घेऊन करायचा, त्यामुळे सामन्यात दोन्ही बाजूंना संधी कमी. संधी कमी झाल्या की सरस संघाला आपलं सरसपण दाखवायला वेळ पुरत नाही, आणि समोरच्याचे चार शॉट जास्त पडले की खेळ उलटतो. म्हणून दुबळा संघ चेंडू दाबून धरतो. इथे तगडाच दाबून धरत होता.

आणि तरी व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट यांनी ती पद्धत मुळातून बदलली नाही. पुढच्या वर्षीही व्हर्जिनिया तशीच संथ खेळली, आणि 2019 चं विजेतेपद टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 हरवून घेतलं. हंटरचे 27 गुण. त्या लाजेपोटी सगळं मोडून नवं उभारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तुमच्या ‘लाज हेच औषध’ या वाक्याबरोबर जरूर करा. लाज वाटली की माणूस काहीतरी बदलतोच, आणि बहुतेक वेळा जे बिघडलेलं नसतं तेच बदलतो. त्या मुलांना मारायला लावलेल्या चकरा आठवा. मोकळे शॉट न पडणं हा रोग, आणि इलाज काय तर धावा!

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं भांडण नाही. समोरचा किरकोळ आहे म्हणून वॉर्मअपला उशिरा येणं, बचावात हात खाली सोडणं, रिबाउंडला बॉक्सआउट न करणं, म्हणजे परत येणाऱ्या चेंडूपासून समोरच्याला अंगाने न रोखणं, हे घडत असेल तर रागवायलाच हवं. पण हा रोग जिंकलेल्या सामन्यातही तितकाच दिसतो. किरकोळ संघाविरुद्ध 40 ने जिंकायचा सामना 9 ने जिंकला, तेव्हा किती कोचनी चकरा मारायला लावल्या? आळस पकडायचा तर स्कोअरबोर्ड कुणाच्या बाजूने आहे हे बघून पकडू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, निवडीचा. चार संघांचा गट असेल तर मी बेधडक दुबळ्याकडूनची हार घेईन. आपल्याकडच्या साखळीतही फिबा या जागतिक संघटनेचाच नियम चालतो: जिंकल्यास 2 गुण, हरल्यास 1, आणि बरोबरी झाली तर आधी आपसातला निकाल. तगड्याकडून हरलात आणि बाकी दोघांना हरवलंत, तर तो तिन्ही जिंकून पहिला, तुम्ही दुसरे, आणि बाद फेरीत समोर दुसऱ्या गटाचा पहिला उभा. उलट तगड्याला हरवलंत, तिसऱ्याला हरवलंत आणि दुबळ्याकडून हरलात, आणि तगड्याने आपले उरलेले दोन्ही जिंकले, तर तुम्ही दोघं 5-5 गुणांवर येता, आपसातला सामना तुमचा, आणि गटात पहिले तुम्ही. एकच धोका आहे. त्या दुबळ्याने तिसऱ्यालाही हरवलं, तर तिघं 5 गुणांवर अडकतात, प्रत्येकाने प्रत्येकी एकाला हरवलेलं असतं, आणि मग त्या तिघांच्याच आपसातल्या सामन्यांचा गुणफरक मोजला जातो. दोघाचौघा गुणांनी हरला असाल तर तरून जाल. हातपाय गाळून चौदाने हरला असाल तर तगड्याला हरवूनही बहुधा घरी जाल, आणि त्या वेळी तुमच्या शिव्यांत माझाही आवाज असेल.