‘राजकीय नको’ म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्यंगचित्र टाकलं. घोटाळ्यात अडकलेला नेता, खुर्चीला मिठी मारून बसलेला. दहा मिनिटांत ॲडमिनकाकांनी उडवलं. वर शेरा, "इथे राजकीय नको." परवा त्याच नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर तिघांनी टाकले, ते काय हरिपाठाचे होते?

मला आजी आठवली. रायगडातलं गाव, अक्षराशी ओळख नाही. फडताळात वर्तमानपत्र अंथरताना मात्र व्यंगचित्राची बाजू वर. तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचं सिमेंट प्रकरण (देणग्या घेऊन सिमेंट वाटल्याचा आरोप) गाजत होतं, तेव्हाचं एक चित्र तिखटाच्या बरणीखाली होतं. बरणी उचलली की म्हणायची, "सिमेंटवाला बघ कसा दबलाय!"

एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कचा पुढारी बॉस ट्वीड, त्याला नेमकं हेच झोंबलं होतं. शहराची तिजोरी लुटणाऱ्या त्याच्या टोळीचं चित्र व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८७१ साली ‘हार्पर्स वीकली’त काढलं. सगळे गोल करून उभे, लोकांचा पैसा कुणी चोरला विचारलं की प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. ट्वीड म्हणे वैतागून म्हणाला, पेपरात काय लिहितात त्याची मला पर्वा नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही. पण ती चित्रं थांबवा! म्हणजे हा बाबा घाबरला तो आमच्या आजीला. पुढे कैदेतून निसटला, तर १८७६ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला, तोही नास्टच्याच चित्रावरून ओळख पटून.

हो, हिशेबाची कागदपत्रं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली नसती तर नुसत्या चित्रांनी भागलं नसतं. आणि हाच नास्ट आयरिश लोकांना माकडांसारखं रंगवायचा, ते घाणेरडंच. मान्य. पण म्हणून चोराचं चित्रच काढायचं नाही? भावना दुखावतात म्हणे. पैसे खाताना कुणाच्या दुखावल्या नाहीत त्या?

जाऊ दे. काका माणूस वाईट नाही, लॉकडाऊनमध्ये आमच्या दाराशी दूध ठेवून जायचे. काका, वाचताय ना? चहाला या, चित्र छापून फ्रिजवर लावलंय.

आजीही काही अंतुल्यांची वैरी नव्हती हं. "माणूस कामाचा होता रे," असंही म्हणायची. १९८२ च्या जानेवारीत त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, चित्र मात्र फडताळातच. एका दिवाळीला आईने कागद बदलायला काढला, तर आजी म्हणाली, "तो राहू दे. बरणी बरी बसते त्याच्यावर."