‘कुठून सुरुवात करू?’ विचारणाऱ्याचा बंदोबस्त

रविवारी सकाळी चार टाळकी कुणाच्या तरी गॅलरीत जमतात आणि विज्ञानकथा नि फँटसी यांवर दुपारपर्यंत गप्पा हाणतात. या छंदात कुणाचं काही बिघडत नाही, असं घरच्यांना वाटतं. पण धोका एक असतोच. कधीतरी नवा माणूस येतो. कुणाचा मावसभाऊ, कुणाच्या ऑफिसातला. तासभर मुकाट ऐकतो आणि भर मैफलीत विचारतो, “मलापण वाचायचंय हे सगळं. कुठून सुरुवात करू?”

गडबडून जाऊ नका. तुमच्या इतक्या वर्षांच्या व्यासंगाचं चीज करण्याची हीच वेळ. त्याच्या हातात एखादं बरंसं पुस्तक ठेवलंत तर तो ते वाचेल, आणि पुढच्या रविवारी स्वतःचं मत घेऊन येईल. मतांचा आपल्याकडे तुटवडा नाही.

म्हणून पुस्तक सांगायचंच नाही. क्रम सांगायचा. असिमोव्हची ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकादंबऱ्यांची मालिका घ्या. सरळमार्गी माणूस १९५१ ते १९५३ या काळात आलेली पहिली तीन पुस्तकं ओळीने वाचेल आणि सुखी होईल. तुम्ही म्हणायचं, “छे, आधी १९८८चं प्रीक्वेल, म्हणजे या सगळ्याच्या आधीची गोष्ट. नाही, थांब, त्याच्याही आधी रोबोटच्या कादंबऱ्या.” साठी ओलांडल्यावर असिमोव्हने रोबोट आणि फाउंडेशन एकाच इतिहासात ओवून टाकले, ते केवळ तुमच्या सोयीसाठी. एवढं झालं की दुसऱ्या सभासदाने ठरल्याप्रमाणे उसळायचं: “प्रीक्वेल आधी? अरे, सगळी मजाच जाईल!” मग तुम्ही दोघं भांडत बसा. प्रश्न विचारणारा अर्ध्या तासात मोबाइल बघायला लागतो.

सी. एस. लुईस यांच्या नार्निया या फँटसी-मालिकेच्या बाबतीत मात्र जपून. जगाची उत्पत्ती सांगणारं पुस्तक सहावं आलं, १९५५मध्ये. ते आधी वाचायचं, की कपाटातून पलीकडे जाणारं १९५०चं पहिलं, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालता येतो. पण १९५७मध्ये एका अमेरिकी मुलाचं आणि त्याच्या आईचं यावरूनच जुंपलं, आणि मुलाने सरळ लेखकालाच पत्र टाकलं. लुईस यांनी मुलाची बाजू घेतली, इथवर ठीक. पुढे मात्र लिहून बसले की कोणत्या क्रमाने वाचता याने कदाचित फारसा फरक पडत नाही. इतका बेजबाबदारपणा खुद्द लेखकच करायला लागले तर चाहत्यांनी काय करायचं? हे पत्र नव्या माणसाच्या कानावर पडू देऊ नका.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनबद्दल विचारलंच, तर ‘हॉबिट’चं नाव काढायचं नाही. ते १९३७मध्ये मुलांसाठी आलं आणि मुलांना ते आवडतं, हा त्याचा मोठाच दोष. थेट ‘सिल्मॅरिलियन’ सुचवा. टोल्किन गेल्यावर मुलाने बापाची कागदपत्रं निस्तरून १९७७मध्ये ते छापलं. त्यातली घराणी, उपघराणी आणि एकेकाची तीन-तीन नावं यांपुढे आपल्या भाऊबंदकीतला सातबारा सोपा. “पहिली शंभर पानं जरा जड जातील,” एवढं मायेने म्हणा. तो पुन्हा दिसणार नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या मार्टिनचा विषय निघाला तर बोलू नये. पाचवं पुस्तक २०११चं, सहावं अजून यायचंय. फक्त सुस्कारा टाकावा.

माहिती पुरवतानाही एक रीत असते. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी वीसेक प्रकाशकांनी नाकारली आणि शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या चिल्टनने १९६५मध्ये छापली, ही गोष्ट खरी आहे आणि मजेचीही. पण ती मजेत सांगायची नाही. चेहरा असा हवा, की एकेक नकार येत असताना धीर द्यायला तुम्हीच हर्बर्टच्या घरी जाऊन बसत होतात.

मराठीचं नाव कुणी काढलंच, तर “मराठीत आहे काय?” म्हणून हात झटकायचे. हे वाक्य म्हणण्यासाठी मराठीतलं काहीही वाचावं लागत नाही. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशी नावं समोरून येऊ लागली तर “हो हो, दिवाळी अंकांतून यायचे” एवढ्यावर मिटवा. नारळीकरांना असं मिटवता येत नाही. तिथे “शाळेत असताना वाचले होते” हा सूर लावायचा. म्हणजे आपण मोठे झालो आणि ते तिथेच राहिले, हे न बोलता कळतं.

शिवाय नारळीकरांची ती १९७४ची गोष्ट आपल्या धंद्याला फार घातक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. आणि परीक्षकांनी काय करावं? कोण कुठला जगताप, कुणाच्या ओळखीचा, याआधी काय लिहिलंय, कशाची चौकशी नाही. नुसती कथा वाचली आणि पहिला नंबर देऊन टाकला! आपल्या गॅलरीत असलं कधी घडलेलं नाही. आपण आधी नाव विचारतो, मग कोणत्या देशाचा, मग पुरस्कार किती, आणि तोवर जेवायची वेळ होते.

एवढा बंदोबस्त करूनही एक भोक राहतं, आणि ते घरातच असतं. यजमानांची सातवीतली मुलगी आतल्या खोलीत लायब्ररीतून आणलेला ज्यूल व्हर्न घेऊन लोळत पडलेली असते. ऐन वादाच्या भरात ती दारात येऊन सांगते, “काका, तो कॅप्टन निमो आहे ना, तो आपला बुंदेलखंडचा राजपुत्र निघाला! १८५७च्या उठावात होता तो!” तुम्हाला पाणबुडी तेवढी आठवत असते, तीही सिनेमातली. चुकूनही तिला विचारू नका की कोणतं आधी वाचलंस. “जे मिळालं ते,” असं ती म्हणेल, आणि तेही सगळ्यांदेखत. नव्या माणसाच्या डोळ्यांत एव्हाना चमक आलेली असते. तो पुस्तकाचं नाव विचारायला तिच्याकडे वळायच्या आत, जरा आवाज चढवून तिला विचारा, गृहपाठ झाला का.