संसदीय समित्या: गदारोळ सोडा, चौथं प्रकरण उघडा

संसदीय समिती बातमीत येते ती बहुतेक वेळा भांडणामुळे. वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीत काचेची बाटली फुटली, हे सगळ्यांना आठवतं. त्या दिवसांत जलशक्ती, कृषी, रेल्वे या समित्यांनी कोणत्या सचिवाला काय विचारलं, हे कुणी सांगू शकणार नाही. त्यात लोकांचा दोष कमी आहे. बैठका बंद दाराआड चालतात, कॅमेरा आत जात नाही, आणि अहवाल पटलावर ठेवला जाईपर्यंत साक्षीतला मजकूर बाहेर सांगायला मनाई असते.

‘विधेयकं समितीकडे पाठवत नाहीत’ ही ओरड खरी आहे. १५व्या लोकसभेत दहातली सात विधेयकं समित्यांकडे जात होती, १७व्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं. पण समित्यांची ताकद गळते ती फक्त तिथे नाही. मोठी गळती अहवाल दिल्यानंतर होते, आणि तिकडे जवळपास कुणाचंच लक्ष नाही.

आधी रचना थोडक्यात. विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १६ समित्यांचं काम लोकसभा सचिवालय बघतं, ८ समित्यांचं राज्यसभा सचिवालय. यांच्याशिवाय तीन वित्तीय समित्या आहेत: सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे (नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) अहवाल बघणारी लोकलेखा समिती (२२ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा ही प्रथा), फक्त लोकसभेच्या ३० सदस्यांची अंदाज समिती, आणि सार्वजनिक उपक्रम समिती.

आता रोजचं काम. समितीची बैठक सुरू होते ती बैठकीच्या काही आठवडे आधी, कागदावर. विषय ठरला की सचिवालय मंत्रालयाकडून पार्श्वभूमीची टिपणी मागवतं. ती वाचून समितीचे अधिकारी प्रश्नांची यादी बनवतात. त्यांच्या भाषेत ही ‘लिस्ट ऑफ पॉइंट्स’. ही यादी मंत्रालयाला जाते, लेखी उत्तरं येतात, ती सदस्यांना वाटली जातात, आणि मग मंत्रालयाचे सचिव, म्हणजे तिथले सर्वोच्च अधिकारी, साक्षीला येतात. यादी ढिली असेल तर बैठक वाया गेली म्हणूनच समजा. ‘योजनेची प्रगती समाधानकारक आहे काय?’ असं विचारलं की ‘होय, भरीव प्रगती झाली आहे’ असं दोन पानी उत्तर येतं आणि त्यातली दीड पानं मंत्रालयाच्या वेबसाइटवरून उचललेली असतात. चांगला प्रश्न तक्ता मागतो: गेल्या तीन वर्षांचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, तिमाहीनुसार खर्च, कोणत्या राज्याकडे किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) किती काळ थकली आहेत, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तक्त्यातला रिकामा रकाना लगेच डोळ्यांत भरतो. गद्यात तोच रिकामेपणा सहज लपवता येतो.

बैठक साधारण दोन तासांची. गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे ३१ जणांच्या समितीला ११. अध्यक्ष सुरुवातीला साक्षीदारांना ठरलेली सूचना देतात: अहवाल पटलावर येईपर्यंत इथलं बोलणं गोपनीय आहे, पुढे तुमची साक्ष प्रसिद्ध होऊ शकते, एखादा भाग गोपनीय ठेवायची विनंती तुम्ही केलीत तरी तो संसद सदस्यांना उपलब्ध होऊ शकतो. मग सचिव ताफ्याची ओळख करून देतात आणि सादरीकरण सुरू होतं. वेळ खाण्याची ही सगळ्यात सोपी, पूर्ण कायदेशीर युक्ती आहे. चाळीस मिनिटं पडद्यावर रंगीत आलेख चालले की १५ हजर सदस्यांच्या वाट्याला जेमतेम पाच-पाच मिनिटं उरतात, आणि त्यातली निम्मी ‘माझ्या मतदारसंघातल्या उड्डाणपुलाचं काय झालं’ यात जातात. जाणता अध्यक्ष सादरीकरणाला दहा मिनिटं देतो आणि म्हणतो, छापील प्रत आमच्याकडे आहे, प्रश्नांकडे वळू. वाचायला किरकोळ वाटेल, पण समितीचा अध्यक्ष कसा आहे ते इथेच कळतं.

जे उत्तर लगेच देता येत नाही, ते ‘लेखी पाठवतो’ म्हणून सुटतं. या साक्षीनंतरच्या उत्तरांवर सचिवालयाला नुसतं लक्ष ठेवून भागत नाही, पाठपुरावा करावा लागतो. बैठकीची शब्दशः नोंद होते. तिच्यातून कोणत्या मिनिटाला कोणतं आश्वासन दिलं गेलं, ते काढून मंत्रालयाला पत्र जातं. दरम्यान सचिवांची बदली झालेली असते. नवे सचिव पुढच्या बैठकीत ‘मी नुकताच रुजू झालो आहे’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नसतं.

लोकांना वाटतं समितीकडे न्यायालयासारखे अधिकार आहेत. माणसं आणि कागद बोलावण्याचा अधिकार आहे, शपथ देण्याचाही आहे. पण देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं सांगून सरकार कागद नाकारू शकतं. साक्षीला येतात ते सचिव, मंत्री नव्हे. म्हणजे धोरण ज्यानं ठरवलं तो बाहेर, आणि ज्यानं राबवलं तो समोर. सचिव धोरणावर मत देत नाही, देऊही नये. त्यामुळे ‘हे असं का ठरवलं?’ हा प्रश्न आत फुकट जातो. ‘जे ठरवलं त्याचं काय झालं?’ हाच प्रश्न तिथे चालतो. नव्या सदस्यांना हे उमगेपर्यंत वर्ष सरतं.

कामाचा सगळ्यात मोठा लोंढा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो: अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक मंत्रालयानं वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत प्रत्येक समिती आपल्या मंत्रालयांच्या मागण्या तपासते, आणि सभागृह पुन्हा भरलं की अहवाल ठेवते. प्रत्येक मंत्रालयाचा वेगळा अहवाल. कपात सूचनेसारखं, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असं, काही सुचवायचं नाही, असा नियमच आहे. तेव्हा समितीचं हत्यार एकच, आकड्यांतली विसंगती. जल जीवन मिशनचं बघा. २०२४-२५ साठी तरतूद ७०,१६३ कोटी रुपये. सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. पुढच्या वर्षासाठी पुन्हा ६७,००० कोटी. यावर भाषणाची गरज नाही. पैसा कोणत्या तिमाहीत थांबला, कोणाच्या मंजुरीअभावी थांबला, राज्यांची किती बिलं थकली, आणि पुढच्या वर्षी तिप्पट खर्च करायची क्षमता कुठून येणार, एवढे चार प्रश्न पुरतात. दुसरी नेहमीची तपासणी मार्चची. अर्थ मंत्रालयाचाच दंडक आहे की शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून जास्त आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च होऊ नये. महिनावार तक्ता मागितला की कोणी ओलांडला ते दिसतं.

एवढं करून अहवाल सभागृहात जातो, लोकसभा मोजक्या मंत्रालयांवर चर्चा करते आणि बाकीच्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एकत्र मंजूर होतात. २०२४ मध्ये तर जुलैचा अर्थसंकल्प मंजूर झाला तेव्हा स्थायी समित्या अस्तित्वातच नव्हत्या. त्या बनल्या सप्टेंबरच्या अखेरीस. मागण्या आधी समित्यांकडे पाठवण्याचा नियम स्थगित केला गेला, आणि समित्यांनी मागण्या तपासल्या त्या पैसे मंजूर झाल्यावर.

आता मूळ मुद्दा. अहवाल ठेवल्यापासून तीन महिन्यांत सरकारनं प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लेखी कळवायचं असतं (लोकलेखा समितीच्या बाबतीत मुदत जास्त असते). त्या उत्तरांवर समिती दुसरा अहवाल काढते, ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’. त्याची मांडणी ठरलेली. पहिल्या प्रकरणात समितीची उत्तरांवरची टिप्पणी. दुसऱ्यात सरकारनं स्वीकारलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांवरचं उत्तर समितीला मान्य नाही अशा. पाचव्यात अंतिम उत्तर न आलेल्या.

वर्तमानपत्रं ‘इतके टक्के शिफारशी स्वीकारल्या’ असं छापतात तो आकडा दुसऱ्या प्रकरणाचा. तो सरळ घेऊ नका. ‘शिफारशीची नोंद घेतली आहे’, ‘राज्यांना पत्र लिहिलं आहे’, ‘ही निरंतर प्रक्रिया आहे’ अशी उत्तरंही या प्रकरणात बसवलेली सापडतात. सरकार काहीच नाकारत नाही आणि काहीच करतही नाही. तिसरं प्रकरण समितीच्या थकव्याचं. चौथ्यात समितीचा कणा दिसतो: आम्ही हे मागितलं, तुम्ही हे दिलं, हे उत्तर नव्हे, पुन्हा सांगतो. ज्या समितीचं चौथं प्रकरण वर्षानुवर्षं ‘निरंक’ असतं, तिनं एकतर फार सोप्या शिफारशी केल्या किंवा उत्तरं वाचली नाहीत.

आणि नेमकं हे प्रकरण लिहायची वेळ येते तेव्हा समिती बदललेली असते. स्थायी समितीची मुदत एक वर्ष. पुनर्रचनेची अधिसूचना लांबली की मधले काही आठवडे कोरडे जातात. मार्चमध्ये अहवाल, जून-जुलैत उत्तरं, सप्टेंबरात मुदत संपली. प्रश्न विचारणारे सदस्य दुसऱ्या समितीत, उत्तर तपासणारे नवे. कागद पुढच्या समितीकडे जातात हे खरं, पण सचिवांनी गेल्या वेळी कशी टाळाटाळ केली ते कागदावर उतरत नाही. मुदत लोकसभेइतकी करायला पक्ष तयार होत नाहीत, कारण दरवर्षी नाराजांची सोय लावायला जागा हव्या असतात. माझं मत स्पष्ट आहे: विधेयकं पाठवण्याच्या सक्तीइतकीच ही मागणी लावून धरायला हवी. एका वर्षाच्या समितीकडे दहा विधेयकं जास्त पाठवून फारसं हाती लागणार नाही.

हजेरीचंही तसंच. परवानगीशिवाय लागोपाठ दोन बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्याला समितीतून काढता येतं. नियम पुस्तकात आहे, तिथेच राहतो.

विधेयकांबद्दल एक फरक माहीत असावा. एखाद्या विधेयकापुरती नेमलेली प्रवर किंवा संयुक्त समिती विधेयकाचा मजकूरच दुरुस्त करून परत देते. स्थायी समिती फक्त अहवाल देते. नियमाच्या शब्दांत त्या अहवालाला विचारपूर्वक दिलेल्या सल्ल्याचं मोल आहे, बंधन नाही. तरी नीट तपासलं की फरक पडतो. फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं ऑगस्ट २०२३ मध्ये गृह खात्याच्या समितीकडे गेली, नोव्हेंबरात अहवाल आले, आणि डिसेंबरात सरकारनं ती मागे घेऊन नवी मांडली. त्यांतल्या भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) मूळ विधेयकात ‘मानसिक आजार’ असा शब्द होता. त्याची व्याप्ती फार रुंद, उद्या साध्या आजारावरही कुणी बचाव उभा करेल, म्हणून समितीनं जुनाच ‘अस्वस्थ मन’ या अर्थाचा शब्द सुचवला आणि तो घेतला गेला. ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा होती पण व्याख्या नव्हती, तीही आली. व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना लागू करून परत आणा, ही शिफारस मात्र सरकारनं घेतली नाही. तरी ‘मानसिक आजार’ या एका शब्दावरून उद्या शेकडो खटल्यांत वाद झाला असता, तो खोलीतच मिटला.

जाता जाता दोन दुर्लक्षित समित्या. शासकीय आश्वासन समिती मंत्र्यांची वाक्यं मोजते. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी लक्ष घालतो’, ‘चौकशी सुरू आहे’ अशा वाक्प्रयोगांची ठरलेली यादी आहे. सभागृहात ते उच्चारले की आश्वासन नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं किंवा मुदतवाढ मागावी लागते. आणि दुय्यम विधान समिती, जी कायद्याखालचे नियम तपासते. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम यावेत, नाहीतर मुदतवाढ मागा. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला, नियम आले ११ मार्च २०२४ ला. मधली चार वर्षं मुदतवाढीवर मुदतवाढ. हे मुदतवाढीचे अर्ज कोणत्या कारणांवर मंजूर होतात, यावर कुणी पत्रकारानं सहा महिने घालवावेत एवढा तो विषय मोठा आहे.

ज्यांना नुसतं वाचायचं नाही, त्यांच्यासाठी. विधेयक समितीकडे गेलं की बऱ्याचदा निवेदनं मागवणारी जाहिरात येते, मुदत अनेकदा पंधरवड्याचीच. संस्थेचा इतिहास आणि तत्त्वचिंतन पहिल्या दोन पानांत नको. कलम क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर आणि कारण, असे चार रकाने करा. समितीचा अधिकारी तुमचा मजकूर कलमवार तक्त्यात टाकतो, तुम्हीच तो तक्ता दिलात तर तुमचं म्हणणं कापलं जात नाही. प्रत्यक्ष साक्ष द्यायची असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर बोलावणं येत नाही. आणि पाठवलेलं निवेदन समितीचं गोपनीय दप्तर होतं, तेव्हा त्याच संध्याकाळी ते इथे फेसबुकवर चिकटवू नका.