‘नशेत केलेला गुन्हा माफ’ हा मेसेज चुकीचा आहे

‘भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार दारूच्या नशेत शुद्ध हरपली असेल तर गुन्हा होत नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. तो अर्धवट आहे, म्हणून घातक आहे.

कलम २३ आहे, पण कोणासाठी? ज्याला नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशेचा पदार्थ दिला गेला आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याच्यासाठी. स्वतःहून प्यालेल्याला लागू होतं कलम २४. तो शुद्धीत असता तर त्याला जे कळलं असतं, ते त्याला कळत होतं असंच कायदा धरून चालतो. जुन्या दंडविधानातली ८५ आणि ८६ ही कलमं हेच सांगत होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी न्याय संहिता आली, फक्त आकडे बदलले.

‘जाण’ अशी गृहीत धरली जाते, ‘हेतू’ मात्र परिस्थितीवरून ठरतो. मेसेजमध्ये नेमका हाच फरक गाळलाय. १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नघरी बसण्याच्या जागेच्या कारणावरून सैन्यातल्या एका निवृत्त जमादाराने प्यायलेल्या अवस्थेत पोरसवदा मुलाला गोळी घातली. तो झोकांड्या देत होता, पण चालत-बोलत होता, पळायचा प्रयत्नही त्याने केला. म्हणून हेतू होता असं धरून सर्वोच्च न्यायालयाने खुनाचीच शिक्षा कायम ठेवली.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेले ७ मजूर गाडीखाली गेले. तिथे मारण्याचा हेतू होता असं कोणीच म्हटलं नव्हतं. तरी दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाण होती असं धरून सदोष मनुष्यवधाची (खुनाहून कमी गंभीर गुन्ह्याची) शिक्षा २०१२ मध्ये कायम झाली. त्या ७ जणांची आठवण ठेवून तरी हा मेसेज पुढे पाठवू नका.