घरचा खाऊ, पण कुणाच्या रविवारात?

‘घरी केलं की स्वस्तात पडतं’ हे आपण सगळेच येताजाता म्हणतो. मीही म्हणते, आणि ते खरंच आहे. पाच माणसं एकदा हॉटेलात जाऊन आली की तेवढ्या बिलात आमच्या घरी महिनाभर शनिवार-रविवारचा खाऊ होतो. पण हा हिशेब मांडताना आपण रवा, तूप, गूळ, गॅस सगळं धरतो आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा रविवार तेवढा सोडून देतो. तो फुकटच धरलेला असतो. आठवडाभर लोकलला लटकून नोकरी करायची आणि रविवारी सकाळी सहाला पुरण शिजायला लावायचं, ही चैन कुणाची? खाणाऱ्यांची. करणारीची नाही.

मुंबईत राहून तर हे विसरायलाच नको, कारण रविवारची सुट्टी आपल्याला मिळाली ती इथल्या गिरणी कामगारांमुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी ही मागणी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सभा झाली, सुमारे १०,००० कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मला त्या दोघींचं फार अप्रूप वाटतं. त्या काळात हजारो पुरुषांसमोर उभं राहून ‘आम्हालाही सुट्टी हवी’ म्हणणं सोपं नव्हतं. गिरणीचा भोंगा रविवारी थांबला. घरातली चूल थांबली नाही, ती आजही थांबलेली नाही.

म्हणून आमच्याकडे सुट्टीच्या खाऊला एक अट आहे. पदार्थ असा हवा की ज्यात घरातल्या प्रत्येकाचा हात लागेल, आणि भांडी घासून ओटा पुसेपर्यंत तासाभरात सगळं आटपेल. या अटीत न बसणारे पदार्थ सणावारी. पुरणपोळी होळीला. चकली दिवाळीला. रविवारच्या वाट्याला ते नाहीत.

अटीत सगळ्यात छान बसतात दडपे पोहे. माझ्या मते स्वस्तात इतका थाटाचा पदार्थ दुसरा नाही. नारळ नवरा फोडतो. पाणी वाटीत धरायचं, सांडायचं नाही, ते पोह्यांना लागतं. मग तो विळी मांडून खोवायला बसतो आणि सासूबाई शेजारी बसून सांगतात, “अरे, करवंटीपर्यंत नको जाऊस, काळं येतं त्यात.” थोरली कांदा चिरते. बारीक हवा, अगदी बारीक, जाड कांदा दाताखाली आला की सगळी मजा जाते. धाकटा गॅसवर पोह्याचे पापड भाजतो, चिमट्याने उलटेपालटे करत, आणि त्यातला एक तिथेच संपवतो. परातीत पातळ पोहे, त्यावर कांदा, खोबरं, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू आणि ते नारळाचं पाणी. हाताने हलकं कालवायचं. मीठ-साखरेचं प्रमाण सासूबाईंचं, तिथे कुणी बोलत नाही. मग वर ताट झाकून त्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा आणि वीसेक मिनिटं हात लावायचा नाही. ही वीस मिनिटं मला फार आवडतात. कुणालाच काही काम नसतं, सगळे स्वयंपाकघराच्या आसपास घुटमळत असतात, कुणीतरी रेडिओ लावतं. शेवटी माझी फोडणी: मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, आणि घरात असली तर तळलेली सांडगी मिरची चुरून. फोडणी ओतली की चुर्र आवाज होतो आणि शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, “आज दडपे पोहे का गं?” त्यांची वाटी धरलेलीच असते.

नारळ हल्ली महाग झालाय हे खरं. आम्ही अर्धा पोह्यांना वापरतो आणि उरलेला आठवड्याच्या आमटी-भाजीला.

गोडाचं म्हणाल तर शनिवारी रात्री गूळपापडी. कणीक तुपात मंद आचेवर भाजायची, घाई करायची नाही, घरभर खमंग वास सुटला आणि रंग बदामी झाला की गॅस बंद. गूळ त्यानंतरच घालायचा, बारीक चिरलेला. गूळ घालून गॅस चालू ठेवला तर वडी दगडासारखी होते. तूप लावलेल्या थाळीत वाटीच्या बुडाने थापायची आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. हे काम आता धाकट्याचं. त्याच्या वड्या चौकोनी कमी आणि नकाशासारख्या जास्त असतात, पण डब्यात भरल्या की चार दिवस पुरतात आणि शाळेत त्याच्या नावावर खपतात. त्याला त्याचा केवढा अभिमान! एरवी पोळी-भाजी टाकून देणारा मुलगा स्वतः पाडलेली वडी कधीच टाकत नाही, हे मी बघितलंय. पोळ्या उरल्या असतील तर आणखी सोपं, कुस्करून, तूप-गूळ घालून लाडू वळायचे. शिळ्या पोळीच्या लाडवाला कमी लेखणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही.

तळणाच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. पाच माणसांसाठी घरी बटाटेवडे तळायचे म्हणजे कढईभर तेल काढायचं, मग ते उरलेलं तेल संपवण्याची काळजी, आणि तासभर धुरात उभं राहायचं. त्यापेक्षा नाक्यावरचा गरम वडापाव विकत घ्यावा. तो घरच्यापेक्षा चांगला लागतो, स्वस्त असतो, आणि करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळतात. सगळं घरीच केलं पाहिजे हा हट्ट मला बरा वाटत नाही. रील्समध्ये दाखवतात तसे घरच्या घरी पिझ्झा-केक करायला चीज, क्रीम, साचे विकत आणायचे, तेही परवडणारं नाही. ती बचत नाहीच.

आता फिरण्याचं. भांडुपहून आम्हाला भायखळा सोपं पडतं, त्यामुळे राणीची बाग आमच्या ठरलेल्या जागांपैकी. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं आताचं नाव, पण घरात सगळे राणीची बागच म्हणतात. लोक पेंग्विन आणि वाघ बघायला धावतात, रविवारी तिथे ही गर्दी असते. माझं म्हणणं, झाडांसाठी जा. दीडशे वर्षांहून जुनी बाग आहे ती. गोरखचिंचेचा बुंधा बघा. उर्वशीला फुलं आलेली असतील तर तिथून पाय निघत नाही, लालसर झुंबरं लोंबत असतात नुसती. आणि त्याच आवारात दोन जुनी मुंबईकर मंडळी उभी आहेत: घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती, ज्याच्यावरून परदेशी लोकांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली, आणि ज्याच्यावरून काळा घोडा भागाला नाव पडलं तो घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट. तो १९६५ साली तिकडून हलवला. फोर्टात काळा घोडा शोधणाऱ्या माझ्या मुलीला तो इथे भेटला तेव्हा ती कितीतरी वेळ त्याच्याभोवती फिरत होती. सकाळी लवकर जा, दुपारी उकाड्याने मुलं कावतात. बुधवारी बंद असते. आणि रविवारी घराबाहेर पडण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा, नाहीतर सगळी मजा प्लॅटफॉर्मवरच जिरते.

दुसरी जागा मनोरीचा समुद्रकिनारा. मालाडहून मार्वेला बस, तिथून फेरीबोट. काही मिनिटांचीच खाडी, पण बोट सुटली की मुलांचे चेहरे बघावेत. बेस्टच्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, पाच माणसांच्या घराला ते जाणवतं, त्यामुळे मनोरी आता कधीतरीच. डब्यात दडपे पोहे नेऊ नका, मऊ पडतात. घावन आणि लसणाची चटणी न्या, किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. पाण्याच्या बाटल्या घरून. आणि डबा भरण्याचं काम आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून.

कुणी म्हणेल, बाईला घरच्यांसाठी करायला आवडतं. आवडतंच की. मलाही आवडतं. फोडणी मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. पण आवडीने करणं वेगळं आणि इतर सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना एकटीने करणं वेगळं. माझी आई आयुष्यभर रविवारी सगळ्यात शेवटी जेवली. तिच्या हातच्या साटोऱ्यांची आठवण आम्ही भावंडं फार प्रेमाने काढतो. त्या रविवारी ती काय करत होती, कधी टेकली, हे मात्र आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

तर मंडळी, तुमच्याकडचे असे पदार्थ सांगा. तासाभरात आटपणारे, सगळ्यांचे हात लागणारे आणि शक्यतो नारळ न लागणारे. कोकण, देश, विदर्भ, खानदेश, कुठलेही चालतील. आणि सोबत हेही लिहा, की तुमच्या घरी त्यातलं कुठलं काम कोण करतं.