दंड दुप्पट केला म्हणून डॉक्टर गावात राहील का?

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रवेशाचा मोसम आला की तोच वाद पेटतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, करावा की 10 लाख दंड भरून मोकळं व्हावं? यंदा एकाने लिहिलं, "दंड दुप्पट करा, मग बघा कसे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बसतात." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मला राहवलं नाही.

बसतील. वर्ष भरलं की दुसऱ्या दिवशी निघतील, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा हाच वाद घालाल.

मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या डबो शहराच्या पश्चिमेला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. इथल्या मेडिकल स्कूलना केंद्राचा ग्रामीण निधी हवा असेल तर चौथा हिस्सा विद्यार्थ्यांना वर्षभर शहराबाहेर शिकवावं लागतं. सिडनी विद्यापीठाने तर 2022 पासून डॉक्टरकीचा अख्खा अभ्यासक्रमच डबोत सुरू केला. माझ्याकडच्या विद्यार्थिनीला स्वतःची खोली आहे. पेशंट आधी तिच्याकडे जातो. ती हिस्टरी घेते, तपासते, मग मला बोलावते. एका शेतकऱ्याच्या पायाची डायबेटिक जखम महिनोन्महिने तिनेच सांभाळली. गव्हाची कापणी सुरू झाली आणि तो ड्रेसिंगला येईना, तेव्हा तिने फोन करून त्याला सकाळी सातला, क्लिनिक उघडायच्या आधी बोलावून घेतलं. आता ती म्हणते, ट्रेनिंग इथेच करायचं.

आपल्याकडे इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे असतात. शिकवायला कुणी नाही, क्वार्टर गळका, काम काय तर रजिस्टर भरा. मग पोरं नीट-पीजीचे, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षेचे, एमसीक्यू सोडवत बसली तर त्यांना बोल कसा लावायचा?

"तिकडे पैसा आहे रे," हे उत्तर मला ठाऊक आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कुठे पैसा होता? डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये कॉलेज काढलं आणि विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच गावात मुक्कामाला नेऊन एकेकाला कुटुंबं नेमून दिली. कुटुंब दत्तक घ्यायची ही पद्धत आता देशभरच्या अभ्यासक्रमात आली आहे. वर्ध्याचं शहाणपण मी डबोत बसून सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

मग एका मित्राने वर्मावर बोट ठेवलं: "तू तरी कुठे स्वखुशीने खेड्यात गेलास?" नाही गेलो. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअरचा (इथल्या सरकारी आरोग्य विम्याचा) प्रोव्हायडर नंबर हवा असेल तर साधारण 10 वर्षं टंचाईच्या भागातच काढावी लागतात. 1997 पासूनचा नियम आहे. तोही बॉण्डच. पण माझी मुदत संपली, सिडनीचा रस्ता मोकळा झाला, तरी मी हललो नाही. पहिल्या वर्षी मी रात्री दोनला फोन केला तरी सीनियर जीपी उचलायचे. बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली, पोरगा फुटी (इथला फुटबॉल) खेळायला लागला. मराठवाड्यातल्या माझ्या बॉण्डच्या वर्षी पीपीएचची (बाळंतपणानंतर रक्तस्राव होणारी) बाई टेबलावर असताना मी ज्यांना ज्यांना फोन लावला, त्यांतल्या एकानेही उचलला नाही. ती वाचली ती सिस्टरमुळे.

तिथे कुणी फोन उचलला असता तर मी राहिलो असतो, असं मला अजून वाटतं. माझी भाषा बोलणारी माणसं होती ती. इथे माझं सगळं आहे, फक्त ओपीडीत कुणी "डॉक्टरसाहेब, जरा बघा की" म्हणत नाही.

म्हणून दंडाचा आकडा नंतर ठरवा. आधी इंटर्न जातात त्या प्रत्येक पीएचसीला शिकवणारा एक सीनियर द्या, न गळणारी खोली द्या, आणि रात्री उचलला जाईल असा एक नंबर द्या.